शिक्का

रविवार पेठेत माझं दुकान म्हणजे एक फळी,
दोन स्टूल, स्टोव्ह, शिशाची कढई
आणि लोकांची वजनं.
ईरण्णा मुचंडी सकाळी पोतं आपटून म्हणतो,
'तक्कडी बघ रे.'
मी तागडी बघतो.
दांडी एकच. दोघांच्या शब्दांत
सारखीच वाकडी.

त्याचं अर्ध्या किलोचं वजन कालपर्यंत खरं होतं.
रात्री बाराला शिक्क्याची मुदत संपली
आणि ते खोटं झालं.
लोखंडाचा कण कमी झाला नाही,
गंज होता तितकाच आहे.
निरीक्षकानं पकडलं तर दंड होईल
अशा गोष्टीचा, जी त्या लोखंडात
घडलेलीच नाही.

हसू नका. त्याच रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
इचलकरंजीत शकूला मुलगी झाली
आणि मी मामा झालो,
इथं वडगावात, पंखा फुल्ल, तोंड उघडं टाकून झोपेत.
अंगात काही हललं नाही.
कूस बदलली असेन तर ती डासामुळे.
फोन सातला आला.
म्हणजे चार तास मी मामा होतो
आणि मला पत्ता नव्हता.
ज्याला पत्ता नसतो त्याचाच मामा होतो,
हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

'माव आदि नोडपा!' ईरण्णा म्हणाला.
त्यांच्यात माव म्हणजे मामा, आणि सासराही.
एका शब्दाला दोन उंबरे.
मी तर एकाही उंबऱ्यावरून
पाय उचलला नव्हता.

सकाळपासून कानस बाजूला ठेवून मोजत बसलोय,
माझं स्वतःचं असं काय आहे.
आडनाव घ्या. कडोलकर.
कडोलीत कुणी कडोलकर नसतो,
पणजोबा तिथून निघाले तेव्हा ते मागून आलं.
डावरा आहे, तो उजव्यांमुळे.
उंच आहे, शेजारी शकूचा नवरा उभा असेल तर.
वडील मुंबई इलाख्यात जन्मले,
म्हैसूर राज्यात बाप झाले,
कर्नाटकात गेले.
खोली तीच, कोनाडा तोच,
कोनाड्यातली चुन्याची डबीसुद्धा तीच.
ते उठले फक्त पाणी प्यायला.

एकटा आहे, असं म्हणावं?
दुपारी शटर अर्धं ओढून तेही करून पाहिलं.
पण एकटं असायला बाकीचे लागतातच,
नसायला.

मग शिसं आठवलं.
शिसं वितळतं, हे तरी त्याचं आपलं.
त्यालाही स्टोव्ह लागतो, कबूल.
पण वितळायची तयारी?
ती तर थंड कढईत, कुलपाआड, दिवाळीच्या सुट्टीतही
त्याच्यात असणारच ना?
जगात दुसरा कुठलाच जाळ नसता
तरी असती?
इथं मी अडकलोय.
ईरण्णाला विचारलं तर तो म्हणाला,
'आधी माझं वजन दे.'

दिलं. पोटातल्या भोकात थेंबभर शिसं ओतून,
घासून, पुन्हा घासून,
प्रमाण वजनासमोर ठेवून,
काटा मधोमध येईपर्यंत श्वास धरून.
ते प्रमाण वजन बरोबर आहे
हे मला धारवाडच्या एका वजनानं सांगितलंय,
आणि त्याला कुणी सांगितलं
ते मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी शकूचा फोन आला.
आवाज दमलेला, टाक्यांतून आल्यासारखा.
'दोन किलो आठशे,' म्हणाली.
माझ्या तोंडून निघून गेलं,
'काटा कुणाचा? शिक्का कधीचा?'

ती काही बोलली नाही.
तिनं फोन पोरीच्या तोंडाशी नेला.